साखर, पुस्तक आणि मैत्रीण

बिद्रीत साखर दोन प्रकारची. एक दूधगंगा-वेदगंगा कारखान्यात पोत्यात भरतात, दुसरी आमच्या रक्तात. दुसरीने आमच्या मैत्रिणीची नजर नेली. आता आम्ही वाचतो, ती ऐकते आणि चुकलो की टोकते.

गेल्या महिन्यात ‘आम्हीही इतिहास घडवला’ पुन्हा काढलं. १९८९ सालचं पुस्तक. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी बाबासाहेबांच्या चळवळीतल्या वय झालेल्या बायकांना घरी जाऊन बोलतं केलं. दोघी थांबल्या असत्या, तर तो इतिहास सरणावर गेला असता. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी तर ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं. हे ऐकून मैत्रीण म्हणाली, “आपण काय लपवलं? वर्गणीचे पैसे, पिठाच्या डब्यात.”

तरुण कार्यकर्त्यांनो, १४ एप्रिलला तुम्ही तिला शाल देता, फोटो काढता आणि मिरवणुकीला पळता. तिच्याजवळ बसून विचारत कुणीच नाही. तुम्हाला कशाला बोलायचं म्हणा, चाळीस वर्षांची मैत्री असून आम्ही तरी कुठे विचारलं? नामांतराच्या मोर्चाला ती सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन गेली होती, हे आम्हाला परवा कळलं. तेही औषधांचा हिशेब करताना, सहज.

काल आम्ही मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “आदी सुई टोच गं. मग सांगतो.”