आईची वेणी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मला डेंग्यूचा ताप आला. आठवड्याभरात ताप उतरला आणि मी पुन्हा कॉलेजला येऊ लागले. पण पुढे दोन-अडीच महिन्यांनी वेणी घालताना कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. भांग रुंद दिसू लागला. पहिल्या बाकावर बसणारी मी, मागून कोणाला दिसू नये म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले.

आजीने बांधावरचा माका उपटून आणला. त्यात परसातली जास्वंदीची फुले वाटून घातली आणि लोखंडी कढईत खोबरेल तेल उकळले. "केसाला दुसरं काय लागतंय गं?" म्हणत रोज रात्री ती माझे डोके चोळू लागली. झोप छान लागे. केस मात्र गळतच राहिले.

त्याच सुमारास मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी वाचत होते. 1938 साली सोलापूरचा हा तरुण डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला आणि 1942 साली तिथेच वारला. त्या वाचनातून चिनी वैद्यकाविषयी कुतूहल वाटले आणि ग्रंथालयातून त्यावरचे एक पुस्तक घेतले. खरे सांगायचे तर त्यात मी माझ्या केसांचेच औषध शोधत होते.

औषधे पुष्कळ सापडली. टक्कल पडलेल्या जागी बारीक सुयांच्या हातोडीने हलके ठोके देतात. आल्याचा रस चोळतात. 'हो शौ वू' नावाची एक मुळी आहे. ती खाऊन हो नावाच्या म्हाताऱ्याचे पांढरे केस काळे झाले, अशी कथा सांगतात. पण तीच मुळी खाऊन अनेकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही कळले. आपल्याकडे सुश्रुताने केस गळण्याला 'खालित्य' म्हटले आहे. पित्त वाताबरोबर रोमकूपात शिरते आणि केस गळतात. मग कफ व रक्त ती वाट बुजवतात आणि नवा केस येत नाही, अशी त्याची उपपत्ती. चिनी वैद्य मात्र म्हणतात, केस म्हणजे रक्ताचे उरलेले. शरीराला पुरून रक्त उरले, तर ते केसांना मिळते.

आजच्या शास्त्राच्या दृष्टीने हे शब्दशः खरे नाही. तरीही ते वाक्य डोक्यातून जाईना.

शेवटी आईला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्या तापानंतर असे होते. काही महिन्यांत केस आपोआप येतील." मग त्यांची नजर आईकडे गेली. त्यांनी आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि दोघींचेही रक्त तपासायला सांगितले. माझे हिमोग्लोबिन 10.8 भरले, आईचे 7.9.

आई दिवसभर दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत विरळणीला जाते. घरी आल्यावर सर्वांना वाढते आणि मग पातेल्यात उरेल ते खाते. भाजी संपली असेल तर चहात भाकरी बुडवते. तिची वेणी माझ्या करंगळीएवढी झाली होती. माझे केस गळू लागले तेव्हा सगळे घर हलले. तिचे कधी गळाले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नाही. रक्ताचे उरलेले म्हणे! जी स्वतःच उरलेल्यावर जगते, तिच्या केसांना काय उरणार?

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणाबरोबर चहा नको, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळा, असे सांगितले. त्या रात्री मी आईचे ताट आमच्याबरोबरच वाढले. आजी म्हणाली, "आता सुनंनं सासूच्या आधी जेवायचं व्हय?" मी म्हटले, "आधी नाही आजी, बरोबर." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आजीनेच मेथीची भाजी आईच्या ताटात वाढली.

आता माझ्या भांगाशी बारीक केस उगवू लागले आहेत. मी पुन्हा पहिल्या बाकावर बसते. आईच्या गोळ्या अजून चालू आहेत. परवाच्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन 9.6 झाले. वेणी अजून तेवढीच आहे. माक्याचे तेल मात्र मी आता तिच्या डोक्याला लावते. "पुरे गं, अभ्यास कर," असे ती म्हणते, पण डोके काही हलवत नाही.