सोळा मुलांचं देणं

माझ्या लेकीच्या ल्युकेमियावर बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत उपचार झाले. त्यातला सगळ्यात लांबलेला भाग घरातच पार पडला. रोज रात्री एक औषध, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या गोळ्या. गुळांब्याच्या चमच्यातून त्या तिच्या पोटात जायच्या. या गोळ्या आल्या कुठून, असा प्रश्न पडायला तेव्हा उसंत नव्हती. ती बरी होऊन शाळेत जायला लागली आणि मी वाचायला घेतलं.

भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ साली बोस्टनला आले. पुढे लेडर्ली कंपनीत त्यांच्या चमूनं फॉलिक आम्लाला अडवणारी औषधं घडवली. त्यातलं अमिनॉप्टेरिन डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. फार्बर यांचा शोधनिबंध १९४८ च्या जूनमध्ये आला. सोळा मुलं, त्यातल्या दहांमध्ये सुधारणा, आणि तीही तात्पुरती. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले.

त्या ‘तात्पुरती’पाशी मी अडकले. मूल पुन्हा जेवायला लागलं, खेळायला लागलं, आणि मग आजार परतला. त्या आयांनी लेकरं कुणाच्या हवाली केली? ज्याचा निकाल कुणालाच ठाऊक नव्हता अशा एका औषधाच्या. माझ्या मुलीला जे तयार मिळालं, त्याची पहिली किंमत त्या घरांनी मोजली. मला त्यांची नावं माहीत नाहीत. माहीत असती, तरी कुठल्या तोंडानं भेटले असते?

म्हणून मी पॅन-मॅस चॅलेंज या डेना-फार्बरसाठी पैसा उभा करणाऱ्या सायकलफेरीत उतरले. ती सुरू करणाऱ्या बिली स्टार यांची आई १९७४ मध्ये मेलानोमानं गेली. त्यांनी १९८० साली छत्तीस जणांना घेऊन स्प्रिंगफील्डहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकली नेल्या आणि दहा हजार डॉलरच्या वर रक्कम उभी केली. आज दर ऑगस्टला हजारो स्वार निघतात. प्रत्येकानं काही हजार डॉलर जमवायचे असतात, आणि जमलेला सगळा पैसा डेना-फार्बरला जातो.

सायकल चालवण्यापेक्षा मला मागणं जड गेलं. आमच्या घरात हात पसरणं म्हणजे शेवटची पायरी. सांगलीच्या मावशीला फोनवर हे बोलले, तर ती म्हणाली, “अगं, तुझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले, तेव्हा शिकले. ज्या घरांनी जेवू घातलं, त्यांना त्यांनी कधी परत जेवायला घातलं? पुढच्या पोरांना घातलं. माग तू बिनधास्त.” त्याच रात्री मी पत्रं लिहायला बसले. मावशीनं स्वतःच्या पेन्शनमधले पैसे पाठवले आणि बजावलं, “माझं नाव नको घालूस. त्या आयांचे म्हणून धर.”

स्टरब्रिजहून निघालं की पहिल्याच दिवशी बोर्नपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर होतात. वाटेत लेकव्हिलच्या थांब्यापाशी रस्त्याच्या कडेला मुलांचे मोठाले फोटो लावलेले असतात. ही उपचार घेणारी मुलं, स्वारांच्या एकेका चमूनं आपली मानलेली. काही तिथं आईबापांसोबत उभीही असतात, डोक्यावर नुकते उगवलेले केस. तिथं मी सायकलवरून उतरते. वेळ जातो तो जाऊ दे. एकदा एका बाईनं माझा हात धरला आणि विचारलं, “तुमची मुलगी आता काय करते?” मी म्हटलं, “कॉलेजात आहे, फार उशिरा उठते.” ती इतकं मनापासून हसली की तेवढ्यासाठीसुद्धा मी दरवर्षी यायला तयार आहे.

अनेक स्वार पाठीवर आपल्या माणसांची नावं लावतात. माझ्या पाठीवर कापडाची एक पट्टी असते: ‘१९४८ ची सोळा मुलं’. दुसऱ्या दिवशी पहाटे बोर्नच्या पुलावर मागून एक तरुण आला आणि ही कोण मुलं म्हणून विचारू लागला. चढावर बोलताना धाप लागत होती. तरी भीमवरमपासून सुरुवात केली, आणि पूल उतरेपर्यंत सांगत राहिले.