गोधडीच्या शोधांत

पौषांतील थंडी पुण्यास आतां पूर्वीसारखी पडत नाहीं, ही तक्रार आमच्या पिढीच्या तोंडीं नेहमींचीच आहे. तथापि यंदां संक्रांतीच्या आधींचे चार दिवस बरेच गार गेले, आणि त्यांपैकीं एका सकाळीं माझी बालमैत्रीण हातांत रिकामी पिशवी घेऊन दारांत उभी राहिली. "आज तुला माझ्याबरोबर कापडपेठ हिंडावयाची आहे," ती म्हणाली, "आणि मी कांहीं विकत घेऊं लागलें तर मला अडवावयाचेंहि आहे." एकाच वाक्यांत अशीं दोन परस्परविरुद्ध कामें सोंपविणें हा तिचा शाळेपासूनचा स्वभाव.

कारण थोडक्यांत सांगतें. तिची आई गेल्या वर्षीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, वारली. मागें घर नाहीं, दागिने नाहींत; एक पत्र्याची पेटी आणि तींत नऊ लुगडीं. भावजयांनीं ती पेटी कांहीं न बोलतां हिच्या स्वाधीन केली. इकडे हिची सून चैत्रांत बाळंत व्हावयाची आहे. नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या अंगास बोंचते, म्हणून पहिलें दुपटें जुन्या लुगड्याचें, ही आपल्याकडील रीत वाचकांस ठाऊकच आहे. आजेसासूबाईंच्या लुगड्याची गोधडी व्हावी, ही सुनेचीच इच्छा. परंतु माझ्या मैत्रिणीच्यानें त्या लुगड्यांस कात्री लाववेना. तीनदां तिनें पेटी उघडली आणि तीनदां मिटली. अखेर मनाशीं असा तोडगा काढला कीं, बाजारांत चांगली तयार गोधडी मिळाली तर तीच घ्यावी. सुनेचा शब्दहि राहील आणि पेटीहि मिटलेली राहील.

भुयारी मेट्रो २०२४ सालापासून थेट मंडईपर्यंत येते. सरकत्या जिन्यानें वर येऊन डोळे उन्हास सरावतात न सरावतात, तोंच १८८६ सालचा मंडईचा तो दगडी मनोरा समोर दिसतो, आणि आपण दहा मिनिटांत सव्वाशेंहून अधिक वर्षें मागें आल्यासारखें वाटतें. तेथून तुळशीबागेंत शिरलों. नारो आप्पाजींनीं बांधलेल्या राममंदिराभोंवतीं बायकांच्या सर्व गरजांचा हा जो संसार मांडला गेला आहे, त्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मी तें करीत नाहीं. आम्ही देवास नमस्कार केला, लांब सुयांची एक पुडी घेतली आणि बाहेर पडलों. "सुया कशाला? तूं तर तयार गोधडी घेणार ना?" असें मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "सुया घरांत असाव्यात." मी गप्प राहिलें.

पहिलें दुकान गाद्यांचें. लहानपणीं पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन गल्लींतून जाई आणि तिच्या तातीचा टणत्कार ऐकूं आला कीं आम्ही मुलें धांवत सुटूं. अंगणांत कापसाचा ढग उठे. त्यांत नाचल्याबद्दल मार मिळे. आतां कापूस यंत्रांत पिंजतात. दुकानदार तरुण होता. गोधडी म्हणतांच त्यानें आमच्यापुढें रजया, दुलया आणि लेप ह्यांचा ढीग केला. वास्तविक हीं सर्व निराळीं कुळें आहेत. दोन कापडांमध्यें पातळसा कापूस घालून टांके घातले कीं दुलई. कापूस पुष्कळ असला कीं लेप. जयपुराकडील रजई म्हणजे ह्याच घराण्यांतील नाजूक सून. गोधडींत मात्र कापूस नसतो. तिची ऊब म्हणजे एकावर एक बसविलेल्या जुन्या कापडाची ऊब, आणि तीं कापडें एकजीव करणारा साधा धांवदोरा. कापसाचे गोळे होतात, लेप उन्हांत घालून पुन्हां पिंजून घ्यावा लागतो; गोधडी घाटावर आपटून धुतां येते. गरीब घरीं ती का टिकली, ह्याचें उत्तर ह्यांतच आहे.

दुसऱ्या एका झगझगीत दुकानांत मात्र "हातानें शिवलेली अस्सल गोधडी" अशी पाटीच होती. मैत्रिणीचा चेहरा खुलला. तिनें ती उलगडली, उलटी केली, नखानें टांका उचलून पाहिला, आणि माझ्याकडे पाहून हंसूं लागली. ठिगळें नव्हतींच. ठिगळांचें चित्र छापलेलें तें एकसंध कापड होतें, आणि टांके यंत्राचे! आमच्या आज्या दारिद्र्य झांकण्यासाठीं ठिगळें लावीत; आतां ठिगळें छापून घेण्याइतकें वैभव आलें, असें म्हणावयाचें. दुकानाचें नांव लिहीत नाहीं. अशीं दुकानें एक नसून अनेक आहेत.

तेथून लक्ष्मी रोडनें चालत गेलों. वाटेंत एका मॅचिंगच्या दुकानांत हिनें उगाच अर्धा तास घालविला. भिंतीभर रुबियाचे तुकडे, हिरव्या रंगाच्याच पन्नास छटा. गिऱ्हाइकानें लुगड्याचा कांठ पुढें करावा आणि विकणाऱ्यानें क्षणभर पाहून नेमका तागा ओढावा. ही विद्या शाळेंत शिकवीत नाहींत.

इरकलीचें दुकान जुनें, खालीं पांढरी गादी घातलेलें. म्हातारे मालक आम्हांस 'ताई' म्हणत असले तरी आमच्याहून फारसे मोठे नसावेत. मैत्रिणीनें एक इरकल हातांत घेतांच त्यांनीं तें परत घेतलें, पदर उलटा केला आणि जेथें अंग संपून पदर सुरू होतो ती जागा बोटानें दाखविली. इरकल गांव कर्नाटकांत, बागलकोट जिल्ह्यांत. पण तेथील मागांनीं पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रांतील बायकांस नेसविलें आहे. तेथील विणकर अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे निरनिराळे घेऊन धाग्यांत धागा अडकवीत जोडतात. ह्या रीतीस टोपे-तेणी म्हणतात. हजारों सुतें एकेक करून अडकवावयाचीं, तेव्हां तो लाल पदर अंगास चिकटतो. यंत्रमागाच्या नकलेंत ही जोडणी सांपडावयाची नाहीं, असें मालकांनीं सांगितलें आणि मग दोन्ही नमुने शेजारीं ठेवून आम्हांस ओळखावयास लाविलें. मीं चुकीचें बोट ठेविलें. मैत्रिणीनें बरोबर ओळखलें. "आईच्या पेटींत असेंच आहे," ती हळूच म्हणाली.

गुळेदगुड्डाचे खणहि तेथें होते. तेहि त्याच जिल्ह्यांतले. ज्या खणाची त्रिकोणी घडी नारळाबरोबर ओटींत पडावयाची, त्याच्या आतां साड्या, पिशव्या आणि वह्यांचीं पुठ्ठ्याचीं वेष्टणेंहि निघालीं आहेत. माझ्या नाकास प्रथम मुरड पडली होती, हें कबूल करतें. परंतु चोळ्या शिवणाऱ्या बायका किती उरल्या? खण पिशवीवर चढला म्हणून विणकऱ्याची चूल पेटत असेल, तर नाक मुरडणारी मी कोण?

ह्या दुकानांतून बाहेर पडून रसाच्या गुऱ्हाळापाशीं बसलों असतां मीं तिला एक गोष्ट सांगितली. ती मीं आजवर कोणास सांगितली नव्हती. १९८८ सालीं माझ्या सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर कपाट आवरतांना त्यांचीं सहा लुगडीं निघालीं. विरलेलीं, कोठें कांठ सुटलेला. त्याच दुपारीं दारावर बोहारीण आली. सहा लुगडीं देऊन मीं झांकणाचा एक मोठा स्टीलचा डबा घेतला. ती आणखी एक पातळ मागत होती, तें न देतां उलट एक पळी अधिक उपटली, आणि संध्याकाळीं हा सौदा मोठ्या फुशारकीनें सर्वांस सांगितला. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. दोन वर्षांनीं आमच्या आत्याबाई राहावयास आल्या आणि म्हणाल्या, "वहिनीचें एखादें लुगडें असलें तर दे ग, उशाला घेईन." मीं काय उत्तर दिलें तें आठवत नाहीं. त्या डब्यांत आजहि पोहे असतात. झांकण अजून घट्ट बसतें.

मैत्रिणीनें ह्यावर कांहींच म्हटलें नाहीं. रसाचे पैसे मात्र तिनें दिले, आणि उठतांना म्हणाली, "चल, कापडगंजांत जाऊं. अस्तर तर लागेलच." तयार गोधडीचा विषय तेव्हांच संपला, हें मला नंतर उमगलें.

सोन्या मारुतीवरून रविवार पेठेंत शिरलें कीं शोभेचा बाजार संपून वजनाचा बाजार सुरू होतो. कापडगंजांत काचेंतल्या बाहुल्या नाहींत. हातगाड्या, गठ्ठे, सुतळ्या आणि मांजरपाटाचा तो कोरा, पिठासारखा वास. येथें गिऱ्हाइकाची खुशामत नाहीं. "मलमल कशाला पाहिजे?" असा प्रश्न आला. तान्ह्या मुलाच्या गोधडीचें अस्तर म्हणतांच गादीवरील गृहस्थांनीं हातांतला तागा बाजूस ठेवून दुसरा काढला आणि बजावलें, "दोन पाण्यांतून काढल्याशिवाय शिवूं नका. नवें कापड आटतें, जुनें आटत नाहीं. मग गोधडीचा पापड होतो." पन्हा किती, लांबी किती, हा हिशेब चालू असतां ध्यानांत आलें कीं, मेट्रिक मापें येऊन साठांहून अधिक वर्षें झालीं, तरी लुगडें नऊ वारीच राहिलें. सव्वाआठ मीटरांचें लुगडें असें कोणी म्हणत नाहीं.

आतां शिवणार कोण? त्याच गृहस्थांनीं कसब्यांतील एका वाड्याचा पत्ता सांगितला. दिंडी ओलांडून आंत गेलों तों ओसरीवर एक सत्तरीची बाई पाय पसरून गोधडी शिवीत बसली होती. ती कडेनें सुरुवात करून चारी बाजूंनीं फिरत फिरत मध्याकडे येत होती. उत्तर कन्नडांतील सिद्दी बायकाहि आपली कवंदी अशीच कडेकडून आंत शिवीत नेतात. त्या आफ्रिकी वंशाच्या, आणि ही आमची मावळांतली! बंगालच्या कांथेंत आणि बिहारच्या सुजनींतहि जुन्या साड्याच एकावर एक घालतात. बंगाली बायका तर दोराहि साडीच्या कांठांतून उसवून काढीत. हातीं चिंधी आणि समोर लेकरूं असलें कीं बाईच्या बोटांस सर्व देशांत एकच युक्ति सुचत असावी.

मैत्रिणीनें आपली अडचण सांगितली. कात्री लाववत नाहीं म्हणाली. म्हातारीनें सुई केसांत खोंचली आणि तिच्याकडे जरा नवलानें पाहिलें.

"कापायचं कशाला बाई? लुगडं कापलं की त्याची चिंधी झाली. घडी घालायची. नऊ वार लुगड्याच्या चार घड्या घातल्या तर तान्ह्याचं काय, बारा वर्सांच्या पोराचं पांघरूण होतंय. पुढं उसवलंत तर लुगडं तुमचं तुम्हाला परत."

मैत्रीण क्षणभर तशीच उभी राहिली. तीन वेळां उघडून मिटलेल्या पेटीचें उत्तर एका वाक्यांत मिळालें होतें. मग तिनें पिशवींत हात घातला. मला वाटलें होतें, पिशवी रिकामी आहे. पण तळाशीं वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें एक लुगडें होतें. सकाळपासून तें आमच्याबरोबर सारी पेठ हिंडलें होतें. मोतिया रंगाचें, लाल कांठाचें. ओसरीवर उलगडलें तेव्हां अंगावरून आडवी गेलेली एक फिकट तपकिरी रेघ दिसली. १२ जुलै १९६१ ची ती रेघ. पानशेतचें धरण फुटून लकडी पुलावरून पाणी गेलें, त्या दिवशीं हिच्या आईनें सहा वर्षांच्या हिला कडेवर घेऊन घर सोडलें होतें. पेटी मागें राहिली. चिखल काढतांना सांपडली, तेव्हां वरचीं लुगडीं वांचलेलीं आणि ह्याच्या अर्ध्यापर्यंत पाणी चढलेलें. आईनें तें पुढें बावीस वर्षें नेसून काढलें.

"डाग आंतल्या घडीला घेऊं का?" म्हातारीनें विचारलें.

"नको," मैत्रीण म्हणाली. "वर येऊं दे."

मग मजुरी ठरली, आठ दिवसांनीं या म्हणून सांगितलें. म्हातारीची एक पद्धत अशी कीं, चार कोपऱ्यांवर निराळ्या कापडाचे चार लहान तुकडे लावावयाचे. झिजतात ते आधीं कोपरे. "तेवढीं चार ठिगळं घेऊन या," ती म्हणाली. मैत्रिणीनें माझ्याकडे पाहिलें. आपल्या पेटींतलें दुसरें लुगडें ती कापणार नव्हती, हें मला कळत होतें. परंतु ती माझ्याकडे का पाहते आहे, हें समजावयास थोडा वेळ लागला.

सासूबाईंच्या लुगड्यांपैकीं एक हातभर तुकडा आमच्या घरीं उरला आहे. अंजिरी रंगाचा. त्यांनीं स्वतःच तो फाडून पोथी बांधण्यास घेतला होता, म्हणून बोहारणीच्या गांठोड्यांत गेला नाहीं. चार कोपऱ्यांस पुरेल इतका तो आहे.

"तुझ्या नातवाच्या गोधडीला माझ्या सासूबाईंचें कापड?" मीं म्हटलें.

"शाळा सुटल्यावर मला थालीपीठ कोण घालीत असे?" ती म्हणाली. आमचें माहेर-सासर एकाच आळींत, हें येथें सांगावयास हवें होतें.

परततांना कापडगंज पुन्हां वाटेंतच लागला. पोथीस नवें वेष्टण हवें, म्हणून मीं एक वार मांजरपाट मागितला. "मीटर," गादीवरील गृहस्थ म्हणाले, आणि मापून मीटरभर फाडून दिला.