सांधे

सेक्टर ६ मधल्या रस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरेही एकाच आराखड्यावरून उतरवून घेतल्यासारखी. कोठे रंग उडाला, कोठे अंगणात पेरू वाढला, एवढ्यावरून एक घर दुसऱ्याहून वेगळे ओळखायचे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गजवळच्या धानाच्या खाचरांवर आधी कागदावर आखलेले असे हे भिलाई उभे राहिले. देशाच्या सगळ्या प्रांतांतून माणसे आली. अरबी अक्षरांचा आकार घेऊन उभी असलेली जामा मशीद याच सेक्टरमध्ये आहे आणि गुरुद्वाराही. मराठी माणूस या मुलखाला नवखा नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. पण ती घरे सनदा घेऊन आली होती. भिलाईत आलेला मराठी माणूस तांत्रिक शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि एक वळकटी घेऊन आला.

असेच एक गृहस्थ १९७८ साली वर्धा जिल्ह्यातून येथे आले. वय एकवीस. पुढची एकोणचाळीस वर्षे त्यांनी रूळ लाटण्याच्या कामात काढली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाले. घरात तीन पाळ्यांची सवय भिंतींतसुद्धा मुरलेली असते. निवृत्तीनंतर पहिली पाळी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी डोळा उघडे आणि मग करायचे काय, हा प्रश्न उरे. पत्नी हयात होती तोवर तिच्याबरोबर ते फिरायला जात. ती गेल्यावर चालणे संथ वाटू लागले, आणि एके दिवशी सेंट्रल अव्हेन्यूच्या झाडांखाली ते धावू लागले. प्रथम दोन किलोमीटर, मग पाच. आता आठवड्यातून एकदा वीस. वीस किलोमीटरला त्यांना अडीच तास लागतात. स्पर्धेच्या जगात हा वेग कोणाच्या खिजगणतीत येणार नाही, पण साठी उलटून गेलेल्या माणसाने अडीच तास न थांबता स्वतःला पुढे नेत राहणे ही हौसेच्या पलीकडची गोष्ट आहे.

त्यांच्या कानांत त्या वेळी संगीत असते. शेजाऱ्यांची समजूत अशी की काका अभंग ऐकतात. या वयाच्या मराठी माणसाने पहाटे दुसरे काय ऐकावे? प्रत्यक्षात तेथे शब्द नसतात, कंठ नसतो, एकही सजीव वाद्य नसते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने भरून दिलेले ते विद्युत-वाद्यांचे संगीत आहे: तळाशी एक जाड, खोल ठोका, त्यावर तीन-चार स्वरांची एक साखळी, आणि ती साखळी आठ-आठ मिनिटे जवळजवळ तशीच फिरत राहणारी. आपल्या ताल-विचारात वाढलेल्या कानाला हे संगीत प्रथम दरिद्री वाटते. आपल्याकडे आवर्तन असते, खाली असते, आणि गवई कितीही दूर गेला तरी समेची ओढ असते. येथे प्रत्येक मात्रा हीच सम. जेथे प्रत्येक पावलाला पोहोचणेच आहे तेथे ओढ कसली राहणार? ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष खराच. धावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तोच गुण ठरतो. सोळाव्या किलोमीटरला पोहोचण्याची ओढ माणसाला मोडून टाकते. त्याला तेव्हा एवढेच हवे असते की हे पाऊल झाले, आता पुढचे.

लांबचे अंतर आणि ताल यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर लाखो पावले टाळ-मृदंगाच्या आधारानेच कापतात. रिंगणात तर तोच ताल धावू लागतो. फरक एवढाच, की वारीत टाळ चालणाऱ्याच्याच हातात असतो. थकवा आला की ताल किंचित सैल पडतो, मागून दिंडी आली की पुन्हा कसला जातो. कानातल्या यंत्राला धावणाऱ्याचा थकवा कळत नाही. सोबत अशी ती नव्हेच; ते एक वेळापत्रक आहे. आणि वेळापत्रकावर आयुष्य काढलेल्या या गृहस्थांना ते परके वाटले नाही, यात नवल नाही.

पण त्यांना ते जवळचे का वाटले, याचे कारण आणखी खोलात आहे, आणि ते त्यांना स्वतःलाही फार उशिरा उमगले.

ते नोकरीत आले तेव्हा रेल्वेचा रूळ म्हणजे तेरा मीटरचा तुकडा. दोन तुकडे जोडपट्ट्यांनी आणि बोल्टांनी जोडायचे आणि मध्ये बोटाएवढीही नाही अशी फट ठेवायची, कारण वैशाखात पोलाद वाढते आणि पौषात आखडते. त्या फटीवरून चाक गेले की ठोका पडे. प्रवासात ज्याला आपण गाडीचा आवाज म्हणत आलो, ज्याच्यावर लहान मुलांनी शब्द बसवले आणि मोठी माणसे झोपी गेली, तो हा सांध्याचा आवाज. गाडी ताशी साठ किलोमीटरने चालली असेल तर मिनिटाला सुमारे सत्त्याहत्तर सांधे ओलांडते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी साधारण याच गतीने चालते. त्या आवाजात गुंगी का येई, याचे थोडे स्पष्टीकरण यातच असावे.

अभियंत्याच्या वहीत मात्र हा ताल म्हणजे निव्वळ नुकसान. प्रत्येक ठोक्याला रुळाचे टोक चेपते, बोल्ट ढिला होतो, खालची खडी सरकते, चाक झिजते. म्हणून रूळ एकमेकांना वितळवून जोडायला सुरुवात झाली. तीन तुकड्यांचा एकोणचाळीस मीटरचा पट्टा रुळला, आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत भिलाईतून २६० मीटर लांबीचे अखंड पट्टे बाहेर पडू लागले. पुढे १३० मीटरचा रूळ एकसंध लाटणारी नवी गिरणीही आली. फटी गेल्या, वाढू पाहणाऱ्या पोलादाला आता स्लीपर आणि खडी जागच्या जागी आवळून धरतात. ज्यांनी हे काम केले त्यांना त्याचा सार्थ अभिमान आहे. एखादा रूळ तपासणीत नापास झाला तर या गृहस्थांना रात्री जेवण जात नसे, असे घरचे सांगतात.

काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी ते दुर्गहून नागपूरला निघाले. राजनांदगाव गेले, डोंगरगडचा डोंगर दिसला, आणि त्यांच्या ध्यानात आले की गाडी मुकी झाली आहे. नुसता एक सलग घरघराट. स्थानकाजवळ रूळ बदलताना तेवढे चार-दोन ठोके. शेजारच्या बाकावर नात झोपावी म्हणून एक आजी तिला थोपटत होती. गाडी पूर्वी जे काम करी ते आता आजीच्या हातावर आले होते. हे आपणच केले, असे त्यांच्या मनात आले. त्यात पश्चात्ताप नव्हता. पण आयुष्यभर ज्यासाठी घाम गाळला, त्याने जगातला एक आवाज पुसून टाकला, हे त्यांना कोणी पूर्वी सांगितले नव्हते. घरी परतल्यावर त्यांनी हिशेब केला. मिनिटाला सत्त्याहत्तर सांधे. त्याची दुप्पट एकशे चोपन्न. त्यांची स्वतःची पावले मिनिटाला एकशे चोपन्नच्या आसपास पडत होती. नृत्यासाठी रचलेले हे संगीत मुळात बहुधा मिनिटाला सव्वाशे ठोक्यांच्या घरात असते. मुलीने त्याची गती वाढवून ती बापाच्या पावलांशी जुळवली होती. म्हणजे दर दुसऱ्या पावलाला ते एक जुना सांधा ओलांडत होते. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे तेरा मीटरचे सुमारे ३,२४६ रूळ, असे त्यांनी वहीच्या समासात लिहून ठेवले आहे. अखंड पट्ट्यांच्या मापाने तेच अंतर १६३ तुकड्यांतही भरत नाही.

हा योगायोग केवळ वैयक्तिक नाही. या संगीताची एक गंगोत्री जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ येथे आहे, ऱ्हूरच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्याला लागून. तेथल्या क्राफ्टवेर्क या चौघांच्या मेळाने १९७७ साली युरोपभर धावणाऱ्या आगगाडीवर एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली आणि चाकांचा ताल यंत्रातून वाजवला. पुढे १९८३ मध्ये त्यांनीच सायकलच्या शर्यतीवर रचना केली, तिच्यात माणसाचा श्वासोच्छ्वास तालासारखा योजला आहे. आपल्याकडेही १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी नव्याने निघालेली जपानी तालयंत्रे घेऊन दहा राग एका अखंड ठोक्यावर बसवले. त्यांत भैरव आहे, तोडी आहे, पहाटेचा ललितही आहे. तेव्हा तिकडे कोणी फारसे पाहिले नाही. २०१० मध्ये ती ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार थक्क झाले. चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवून पोट भरणारा हा माणूस २०१५ मध्ये वारला. त्याचा ललित काकांच्या यंत्रात आहे. त्यांना राग ओळखता येत नाही, पण तो वाजतो तेव्हा बहुधा उजाडते, एवढे त्यांनी टिपले आहे.

शास्त्रज्ञांनी या सोबतीचा अभ्यास केला आहे. पाऊल ठोक्यावर पडत राहिले तर मध्यम वेगाच्या धावण्यात श्रम कमी जाणवतात. वेग वाढला, शरीर अगदी टोकाला गेले, की संगीताचा आवाज फिका पडतो आणि फक्त शरीराचे ऐकू येते. १९९८ साली बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानावर हैले गेब्रसेलासी या इथिओपियन धावपटूने दोन हजार मीटरचा विक्रम केला, तो ध्वनिक्षेपकावरून लावलेल्या एका लोकप्रिय नृत्यगीताच्या तालावर. स्पर्धकाने कानात यंत्र घालून धावायला मात्र ॲथलेटिक्सच्या नियमांनी मनाई आहे. ताल ही बाहेरची मदत मानली जाते. नियम करणाऱ्यांनी संगीताला दिलेली ही एक दादच म्हटली पाहिजे.

तशी दाद न मागता धावलेलेही आहेत. काका भिलाईत आले त्याच वर्षी डिसेंबरात शिवनाथ सिंग यांनी जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पूर्ण केली. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. बिहारमधल्या बक्सरकडचे हे धावपटू पुष्कळदा अनवाणी धावत. सैन्यातून ते जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या नोकरीत आले, म्हणून भिलाईच्या कामगारांना ते आपल्यातले वाटत. शिवाय दुर्गजवळून वाहणाऱ्या नदीचेही नाव शिवनाथच. काकांनी त्या वेळी वर्तमानपत्रातले कात्रण कापून ठेवले होते. घर बदलताना ते हरवले.

आता प्रश्न दोन सांध्यांचा आहे, आणि दोन्ही त्यांचे स्वतःचे आहेत. उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. दोन टोकांमध्ये जी फट हवी ती उरलेली नाही, असे डॉक्टरांनी छायाचित्र दाखवून सांगितले तेव्हा काका हसले. डॉक्टरांना त्याचे कारण कळले नाही. चाला, पण धावू नका, असा सल्ला मिळाला आहे. दुसरी गोष्ट कानांची. वय झाले की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात; शब्दांतली स, श, फ अशी बारीक व्यंजने पुसट होतात, लहान मुलांचे बोलणे धुक्यातून आल्यासारखे येते. खालचे, जाड ठोके शेवटपर्यंत राहतात. पुण्याची नात फोनवर काय म्हणते ते त्यांना मुलीकडून दोनदा वदवून घ्यावे लागते, आणि यंत्रातला ठोका मात्र पूर्वीइतकाच स्वच्छ लागतो. मुलीने हे संगीत दिले तेव्हा तिला एवढाच हेतू होता की बाबांना एकटे वाटू नये. वडिलांना निखळपणे ऐकू येणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी एक आपण त्यांच्या हाती दिली, हे तिला अजून ठाऊक नाही. काकांनी ते सांगितलेले नाही. सांगितले तर ती कान तपासायला लावील, आणि मग रस्त्यावर धावणेच बंद करील.

म्हणून एक तोड त्यांनी स्वतः काढली आहे. डावा कान वाहनांसाठी मोकळा, उजव्यात संगीत. वीसऐवजी बारा किलोमीटर, आणि तेही मातीच्या कडेने.

टाउनशिपच्या उत्तरेला हावडा–मुंबई लोहमार्ग आहे. कधी कधी त्यांची धाव तेथवर जाते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी धुके अजून जमिनीलगत होते, आणि कारखान्याकडून एक लांबच लांब मालगाडी संथपणे बाहेर पडत होती. तिच्या अनेक वाघिणींवर मिळून एकेक अखंड रूळ पसरलेला होता, २६० मीटरचा. वळण आले तसे ते रूळ वळले. ज्याला ताठ राहण्यासाठीच घडवले ते पोलाद ओल्या वेतासारखे एका बाजूला झुकले आणि गाडीबरोबर निघाले. काका थांबले. धावताना ते थांबत नाहीत. त्यांनी उजव्या कानातले यंत्र काढून मुठीत धरले. मालगाडी त्या सलग मार्गावरून जवळजवळ नि:शब्द चालली होती. पुढे रूळ बदलण्याच्या जागी तेवढे प्रत्येक वाघिणीचे ठोके पडत होते. ते त्यांनी मोजायला सुरुवात केली, आणि शेवटची वाघीण धुक्यात गेल्यावरही काही वेळ त्यांचे बोट मांडीवर हलत राहिले.