खाड्यांची वही

शिरोड्याची जुनी वाट समुद्रावरून जात असे. मुंबईहून निघालेली बोट वेंगुर्ल्याच्या बंदरात लागायची आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेकडे काही मैल गेले की शिरोडे. आता बोट नाही. 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईची माणसे रात्री गाडीत बसून सकाळी सावंतवाडी रोडला उतरू लागली. स्टेशनापासून पुढे एस.टी.; वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना काजूची झाडे आणि खिडकीतून आत येणारा ओल्या मातीचा व सुक्या मासळीचा संमिश्र वास. हा वास आला, की गाव जवळ आले असे समजावे.

या मुलखातून मुंबईला जायची पद्धत जुनी आहे, मुंबईहून इकडे कादंबरी लिहायला यायची मात्र नाही. माझे वडील 1961 साली वेंगुर्ल्याला बोटीत बसले ते गिरणीत काम शोधायला. त्यांचा मुलगा गेल्या मे महिन्यात उलट्या दिशेने आला, तो एक फुलस्केप कागदांचे रीम आणि चार पेने घेऊन. ज्यांच्या घरी मी खोली घेतली होती त्या काकींनी सामान पाहून विचारले, "मास्तरानू, पेपर तपासूक इलास?" मी म्हटले, "नाही, लिहायला." त्यावर त्यांनी केवळ मान हलवली. पेपर तपासणे त्यांच्या लेखी अधिक समजण्यासारखे होते.

शिरोडेच का, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल असेच आहे. वि. स. खांडेकर 1920 मध्ये या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत इथेच राहिले. अठरा वर्षे! मुख्याध्यापकी, वर्गातले तास, मुलांच्या वह्या, शाळेच्या पैशांची ओढाताण हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' लिहिल्या. पहिली कादंबरी 1930 सालची, म्हणजे बत्तिसाव्या वर्षीची. आणि ज्या 'ययाति'ला पुढे ज्ञानपीठ मिळाले ती आली 1959 साली, एकसष्टाव्या वर्षी. त्यांची शाळा आज अ. वि. बावडेकर विद्यालय या नावाने ओळखली जाते. मी पहिल्याच संध्याकाळी तिच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. सुट्टी असल्यामुळे आवारात कोणी नव्हते. नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाला धीर यावा असे ते आवार आहे. इथे एक मास्तर रोज घंटेला हजर राहत होता, आणि तरीही कादंबऱ्या लिहून होत होत्या.

दुसरे कारण घरचे होते. माझी कादंबरी गिरणगावातल्या एका खाणावळीची आहे. आणि ती खाणावळ माझ्या आईची. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत ती बावीस माणसांना जेवू घालीत असे. सारे याच बाजूचे, कोणी वेंगुर्ल्याचा, कोणी आरवलीचा, कोणी रेडीचा. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला काचबिंदू आहे, आणि डॉक्टरांनी सांगितले आहे की गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची. तिने ते शांतपणे ऐकले, घरी आली आणि मला म्हणाली, "माझे डोळे आसत तवसर काय ता लिवन टाक."

वाचकहो, उद्दिष्ट म्हणतात ते हे असे असते. एरवी कादंबरी लिहू इच्छिणारी माणसे काही थोडी नाहीत. दरवर्षी माझ्या वर्गातली दोन-चार मुले तास संपल्यावर मागे रेंगाळतात आणि आपले संकल्प सांगतात. वर्षभरात कादंबरी पुरी करायची, चांगला प्रकाशक मिळवायचा, निदान एक पुरस्कार. मी त्यांना त्या यादीतल्या कोणत्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्यांच्यापुढे फुली मारायला सांगतो. प्रकाशक दुसऱ्याच्या हातात, पुरस्कार तिसऱ्याच्या. कादंबरी चांगली होणे हेही पुरते आपल्या हातात नाही. उरते ते इतकेच, की उद्या किती वाजता बसणार आणि किती पाने लिहून उठणार. मुले हिरमुसतात. एवढ्या मोठ्या यादीतून असे किरकोळ काही हाती लागेल असे त्यांना वाटलेले नसते.

मी स्वतःसाठी तेच किरकोळ ठरवून आलो होतो. 2 मे ते 25 मे, चोवीस दिवस. रोज तीन फुलस्केप पाने. पानावर माझ्या अक्षरात दोनशेच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे बहात्तर पाने. घर आणि आई आमच्या सौ.ने सांभाळायचे कबूल केले होते, तेव्हा या पानांचा देणेकरी मी एकटा आणि घेणेकरी दोघीजणी. हिशेबासाठी वहीही आईचीच घेतली. तिच्या खाणावळीच्या जुन्या वह्यांपैकी एकीत मागची पाने कोरी होती. पुढच्या पानांवर डावीकडे नावे, वर तारखा, आणि चौकटींतून जेवणाच्या खुणा; जो जेवला नाही त्याच्यापुढे खाडा. काही कोपऱ्यांवर हळदीची बोटे अजून आहेत. त्याच आखणीवर मी माझे मे महिन्याचे कोष्टक काढले. तारीख, पाने, आणि पाने नसतील तर खाडा व त्याचे कारण.

असा हिशेब ठेवणारा मी काही पहिला नव्हे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँटनी ट्रोलप हा पोस्टखात्यातला अधिकारी. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देई. समोर घड्याळ ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द अशी त्याची गती. प्रत्येक कादंबरी सुरू करताना तो आठवड्यांची रोजनिशी आखी, रोजची पाने तीत मांडी, आणि आळसात गेलेला दिवसही तसाच नोंदवी, म्हणजे तो डोळ्यांसमोर राहावा. सरासरी आठवड्याला चाळीस पाने. नोकरीच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात गुडघ्यावर फळी ठेवून त्याने पेन्सिलीने लिहिले. अशा सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि हा हिशेब जगाला कळला, तेव्हा पुष्कळ रसिकांची नाके मुरडली. प्रतिभा कुठे घड्याळावर चालते का!

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांचे घड्याळ म्हणजे त्यांचे स्वतःचेच 'करमणूक' साप्ताहिक. ते 1890 मध्ये निघाले आणि त्याच्या अंकांतून 'पण लक्षात कोण घेतो' वाचकांपुढे हप्त्याहप्त्याने आली. अंक निघायचा म्हणजे प्रकरण हवेच. या रेट्याने मराठीला तिची पहिली मोठी कादंबरी दिली, आणि याच हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या शेवटी अपुऱ्याही राहिल्या. दुसऱ्याने लावलेला तगादा लिहवून घेतो खरा. पण तो सुटला की लेखणीही सुटू शकते. म्हणून तगादा आपला आपल्याला लावता आला पाहिजे.

शिरोड्यातला माझा दिवस पहाटे पाचला सुरू होई. आठपर्यंत लिहायचे; मग काकींची उकड्या तांदळाची पेज, फणसाची भाजी, आणि त्यांचा ठरलेला प्रश्न, "आज किती पानां झाली?" तिसऱ्या दिवसापासून तो प्रश्न सुरू झाला आणि मी जाईपर्यंत चुकला नाही. आकडा कमी असला की त्या पेजेवर खोबरे जरा जास्त घालीत. दया आली की कोकणी माणूस नारळ फोडतो.

संध्याकाळी मी वेळागरच्या किनाऱ्यावर जाई. सुरूच्या झाडांतून वारा शिरतो तेव्हा समुद्राला दुसरा समुद्र उत्तर देतो आहे असे वाटते. एकदा चालत आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला गेलो. या देवाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा. तो रात्री गावात गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. रांगेने ठेवलेल्या त्या वहाणा पाहताना मला माझी वही आठवली. काम झाले की नाही हे देवाच्या बाबतीतदेखील लोक काहीतरी मोजूनच ठरवतात!

परंतु मला सर्वांत जास्त शिकवले ते मिठागरांनी. याच मिठागरांवर 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि शिरोड्याचे नाव देशभर गेले. आता आगरे पूर्वीइतकी राहिलेली नाहीत, पण बांधांवर पांढऱ्या राशी अजून दिसतात. भरतीला खाडीचे पाणी आत घ्यायचे. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत घट्ट होऊ द्यायचे. शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरू लागले की लांब दांड्याच्या फळीने ते ओढून काठाला आणायचे. बांध दाबीत असलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, रोज किती मीठ करता? तो हसला. म्हणाला, "मीठ आमी खय करतंव? मीठ उन्हान होता. आमी पाणी घेतंव आनी बांध राखतंव."

मी तिथेच बांधावर बसलो. मुरडलेल्या नाकांना याहून चांगले उत्तर मला तरी सुचणार नाही. ट्रोलपचे घड्याळ काही कादंबरी करीत नव्हते. पाने मोजणे म्हणजे बांध राखणे. मीठ कधी धरेल ते उन्हावर आहे. पण ज्याने पाणीच आत घेतले नाही, त्याच्या वाफ्यात ऊन कितीही तापले तरी नुसती चिखलाची ढेपळेच उरायची.

तेराव्या दिवशी एक अडचण उभी राहिली. आधल्या दोन दिवसांची पाच पाने वाचली आणि ती कादंबरीत राहणार नाहीत हे स्पष्ट दिसले. मी ती फाडली. आता वहीत काय करायचे? आकडा कमी करायचा, की तसाच ठेवायचा? दुपारी आईला फोन केला. तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "करपलेली भाकरी पण पिठाच्या हिशेबात धरूक लागता." पाच पाने वहीत राहिली. पुढे फक्त बारीक अक्षरात 'करपली' असे लिहिले.

शेवटच्या दिवशी बेरीज केली. बहात्तरपैकी एकोणसाठ पाने; खाडे चार. पहिला प्रवासाच्या शिणाचा. दुसरा तापाचा. तिसरा वळवाच्या पावसाचा. त्या रात्री छप्पर गळले आणि आम्ही सर्वांनी मिळून घरभर भांडी मांडली. चौथ्यापुढे कारण आहे, 'बसलो होतो, काही सुचले नाही.' वहीने आणखीही काही सांगितले. ज्या दिवशी पहाटे उठताच मोबाइल हाती घेतला, त्या दिवशी आकडा दोनच्या वर गेला नव्हता. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर लांब चाललो त्या दिवशी तीन, कधी चार. मनाला विचारले असते तर मनाने वाऱ्याला, उकाड्याला आणि काकींच्या कोंबड्याला दोष दिला असता. वहीला असली भीडमुर्वत नसते.

मुंबईला परतल्यावर उद्दिष्ट बदलले. कॉलेज सुरू झाले की तीन पानांची भाषा चालत नाही. आता रोज एक पान, पहाटे पाच ते सहा. 1 जूनपासून शंभर दिवसांत एक्याऐंशी पाने झाली, खाडे तेवीस. शिरोड्याची एकोणसाठ धरून एकशे चाळीस. निम्म्याहून थोडी अधिक कादंबरी झाली असावी. दर रविवारी मी मोठ्या टाइपात छापलेली पाने आईला देतो. ती खिडकीशी बसून कागद डोळ्यांजवळ नेते आणि एकेक ओळ वाचते. फार वेळ वाचवत नाही. मग उरलेले मी वाचून दाखवतो.

परवा तिला तिच्याच वहीबद्दल विचारले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले आणि आमच्या पंगतीतली माणसे एकेक करून, न सांगता, गावाला निघून गेली. बिनसांगता केलेल्या खाड्याचे पैसे खाणावळीत लागतात. आईने कोणाकडून घेतले नाहीत. तरी त्या वर्षाच्या वहीत महिनोन् महिने प्रत्येक नावापुढे रोजचा खाडा नेमाने मांडलेला आहे. मी विचारले, पैसे घ्यायचे नव्हते तर एवढे खाडे लिहिलेस कशाला?

"खाडो लिवलो नाय, तर माणूस येवचो रवलो ता कळतला कसा?" ती म्हणाली. आणि हातातले पान उजेडाकडे वळवून पुढे वाचू लागली.