दिवसाचा चांद

आमच्या कामठीत चंद्राची वाट पाहणारे लोक पुष्कळ. संकष्टीला रात्री गच्चीवर जाऊन पूर्वेकडे डोळे लावणाऱ्या बाया, रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मावळतीच्या लाल पट्टीत केसाएवढी कोर शोधणारी विणकरांच्या मोहल्ल्यातली पोरं, आणि वैशाखी पौर्णिमेला पांढरे कपडे घालून ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराकडे निघालेली कुटुंबं. इंग्रजांनी १८२१ साली कन्हानकाठी वसवलेली ही छावणी. माणसं चहूकडून आली, आपापली पौर्णिमा आणि आपापली कोर घेऊन आली. पण चंद्र हवा तो सगळ्यांनाच सूर्य बुडाल्यावरचा. सकाळी आठला किंवा दुपारी चारला, सूर्य असतानाच, आभाळात जो उघडा दिसतो त्याच्याकडे कोणी बघत नाही.

माझ्या आजीचं तर त्या बाबतीत स्पष्ट मत होतं. संकष्टीला ती दिवसभर उपाशी राहायची. चंद्र निघायला नऊ वाजायचे, ढग असले तर तिचा जीव वरखाली व्हायचा. दिसला की हात जोडून, मग जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो की तोच चंद्र, एका बाजूने जरासा दबलेला, पश्चिमेला घरांच्या कवेलूंवर शांतपणे टेकलेला असायचा आणि मागे सूर्य चांगला वर आलेला. कृष्ण चतुर्थीला निघालेला चंद्र सकाळी नऊच्या आसपास मावळतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ओरडायचो, "आजी, कालचा चांद आहे अजून!" आजी चुलीपुढून म्हणायची, "असू दे ना बाप्पा. दिवसाचा चांद काही कामाचा नाही."

हे 'कामाचा नाही' मला फार दिवस पुरलं.

पोरवयात सूर्य-चंद्र दोघांना एकत्र पाहायची आमची हक्काची जागा म्हणजे कन्हानचा पूल. पुलावर उभं राहिलं की नदी एका हाताला पश्चिमेकडून येते आणि दुसऱ्या हाताला पूर्वेकडे जाते. पौर्णिमेला सूर्य वरच्या अंगाला उतरत असतो आणि चंद्र खालच्या अंगाला चढत असतो. काही वेळ दोघंही क्षितिजावर, दोघंही सारख्याच आकाराचे. कोणाकडे पाठ करावी हे ठरत नाही. आम्ही मान इकडून तिकडे फिरवत राहायचो आणि पुलावरून जाणारे सायकलवाले आम्हाला शिव्या घालायचे.

पुढे कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागली आणि रात्रपाळी आली. पाळी सुटली की सायकलने कामठीकडे, म्हणजे पूर्वेकडे. समोरून ऊन डोळ्यात जायचं, आणि वद्य पक्ष असला तर पाठीमागे, चिमण्यांच्या बाजूला, अर्धा चंद्र. रात्रपाळीवाल्याला दिवस कुठे संपतो आणि रात्र कुठे लागते याचं भान तसंही नसतं. तो चंद्र मला आमच्याच पाळीतला वाटायचा. दिवसा त्याच्यावरचे डाग आभाळाच्याच निळ्या रंगाचे दिसतात, मध्येच भोकं पडल्यासारखे. कारण सोपं आहे: उजळलेली हवा आपल्या आणि त्याच्या मध्ये आहे, चंद्राचा जेवढा भाग काळा तेवढा ती भरून टाकते. आणि चंद्र मुळात काळाच आहे. अंगावर पडलेल्या उजेडापैकी सरासरी बारा टक्केच तो परत देतो, जुना डांबरी रस्ता देतो साधारण तेवढाच. कोळसा हाताळणाऱ्या माणसाला हे वाचून उगाच आपुलकी वाटली.

मुलगी सात-आठ वर्षांची असताना आंबिया बहाराची संत्री घरात आली होती. सकाळची वेळ, वद्य अष्टमीचा चंद्र पश्चिमेला. मी अंगणातल्या उन्हात उभं राहून एक संत्रं हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरलं आणि तिला माझ्या खांद्यामागून बघायला सांगितलं. संत्र्याचा जेवढा भाग उजळ, तेवढाच चंद्राचा. त्याच बाजूने, त्याच कलाने. "बाबा, संत्र्याची पण अष्टमी झाली!" ती म्हणाली. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे चारशे पट दूर आहे, त्यामुळे चंद्रावर आणि संत्र्यावर ऊन जवळपास एकाच दिशेने पडतं. वर्गात अंधार करून टॉर्च लावून चंद्रकला शिकवण्यापेक्षा हे मला कितीतरी सरळ वाटतं, आणि हे फक्त दिवसाच्या चंद्रावरच जमतं.

तेवीसशे वर्षांपूर्वी सामोस बेटावरच्या अरिस्टार्कस या ग्रीक खगोलज्ञाने दिवसाच्या चंद्राचा आणखी एक उपयोग ओळखला होता. चंद्र नेमका अर्धा असताना चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन मोजला तर सूर्य किती पट दूर ते काढता येतं. त्याने कोन ८७ अंश धरला आणि उत्तर अठरा ते वीस पट आलं. खरा कोन नव्वदाला जेमतेम एका अंशाचा सहावा हिस्सा कमी आहे. आकडा पार चुकला, पण रीत पक्की होती. दोघं एकाच वेळी आभाळात नसते तर त्याला मोजायला काही नव्हतं.

आपल्याकडच्या पाथरवटांनाही ही जोडी ठाऊक होती. महाराष्ट्रात गावोगावी पडलेल्या वीरगळांवर, सतीशिळांवर वरच्या टोकाला सूर्य-चंद्र शेजारी शेजारी कोरलेले असतात. यावच्चंद्रदिवाकरौ, म्हणजे हे दोघं आहेत तोवर. लोक त्याला नुसतं प्रतीक समजतात. मला वाटतं, कोरणारा माणूस उघड्यावर काम करत होता आणि त्याने वर पाहिलेलं होतं.

२०२२ साली पंधरा दिवसांत दोनदा ही जोडी लोकांना दाखवायची संधी आली. २५ ऑक्टोबरला, दिवाळीतच, सूर्य ग्रहणासह मावळला; ८ नोव्हेंबरला, कार्तिक पौर्णिमेला, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला. गल्लीतले लोक मात्र वेध पाळत दारं लावून आत बसले. मला ते काही पटत नाही. ज्या दिवशी बघायचं त्याच दिवशी दार लावायचं!

आता सेवानिवृत्त आहे, दुपार रिकामी असते. आजी असती तर तिला सांगितलं असतं की दिवसाचा चांद कामाचा असतो, तुझ्या पंचांगाच्याच कामाचा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचं माप: दर बारा अंशांना एक तिथी, तीस तिथ्यांत पूर्ण फेरा. आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. शुद्ध पंचमीला दोघांत पाचेक मुठी भरतात, अष्टमीला नऊ.

येत्या शुद्ध अष्टमीला पाचच्या सुमारास बाहेर या. सूर्याकडे थेट बघू नका, तो भिंतीच्या किंवा झाडाच्या आड जाईल असे उभे राहा, आणि तिथून चंद्रापर्यंत मुठीवर मूठ ठेवत जा. मग घरात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहा.