नाममुद्रा पुसलेली पोथी

साहित्याच्या निमित्ताने दिल्लीस येणाऱ्या मराठी माणसाची पावले आपोआप पहाडगंजाकडे वळतात. नवी दिल्ली स्थानकाच्या त्या बाजूला बाहेर पडावे, रिक्षावाल्यांच्या आणि हॉटेलांच्या दलालांच्या गराड्यातून वाट काढावी, आणि बृहन्महाराष्ट्र भवनाच्या दारात कोणीतरी मराठीतून 'चहा घेणार ना?' असे विचारावे, हा क्रम मी गेली तीस वर्षे अनुभवीत आलो आहे. येथे राहून ज्या चर्चासत्रांना मी गेलो त्यांतील बहुतेक निबंध, माझे स्वतःचे धरून, आता मला आठवत नाहीत. १९९४ सालच्या हिवाळ्यातील एक खरेदी मात्र आठवते. आणि ती आठवण सुखाची नाही.

त्या वर्षी परतीच्या आदल्या संध्याकाळी मी पहाडगंजातून पायी कॅनॉट प्लेसला गेलो आणि तेथील भुयारी पालिका बाजारात उतरलो. मुलगा आठ वर्षांचा होता. 'दिल्लीहून व्हिडिओ गेम आणा,' एवढेच त्याने सांगितले होते. मानधनाच्या पाकिटातील बहुतेक रक्कम देऊन मी एक खोके घेतले. त्यात दोन हातपट्ट्या, एक प्लास्टिकची बंदूक, दूरदर्शन संचाला जोडायची तार, आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट होती. कॅसेटवर लिहिले होते : '९९९९९९९ इन १'. एका कॅसेटमध्ये जवळजवळ एक कोटी खेळ! अतिशयोक्ती हा अलंकार शिकवणाऱ्या माणसालाही दुकानात उभे असताना त्याची शंका आली नाही.

घरी, अमरावतीला, पहिल्याच दिवशी खरा प्रकार उघड झाला. पडद्यावर समुद्रकिनारा दिसे, पांढरे पक्षी उडत आणि खेळांची यादी पानामागून पान सरकत राही. वास्तविक खेळ मोजकेच होते. तेच निरनिराळ्या नावांनी, कोठे दुसऱ्या टप्प्यापासून, कोठे वेगळ्या शस्त्रासह, पुनःपुन्हा येत. यंत्रही अस्सल नव्हते. जपानच्या निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. त्याच्या प्रतिकृती पुढे तैवानसारख्या ठिकाणी तयार झाल्या आणि जेथे मूळ यंत्र पोचले नाही, किंवा परवडले नाही, तेथे पोचल्या. रशियात ते यंत्र 'डेंडी' झाले, पोलंडात 'पेगासस'. आपल्याकडील घरांत 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशी नावे आली. मुलांनी त्या सर्वांना एकच नाव ठेवले : व्हिडिओ गेम.

मी तेव्हा महानुभाव गद्यातील पाठभेदांवर काम करीत होतो. मठामठांतून हिंडून, वाळवीने चाळण केलेल्या पोथ्या हाती आल्या की माझा जीव हळहळे. बाहेरच्या खोलीत मी मुद्रिते तपासत बसे आणि समोर मुलगा व गल्लीतील चार-पाच सवंगडी त्या पडद्याला डोळे लावून बसलेले असत. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा विधी सर्वांना ठाऊक होता. 'काँट्रा' या खेळात आरंभी तीनच प्राण मिळतात. पण आरंभपटावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी बटणे दाबली की तीस मिळतात, हेही ठाऊक होते. काझुहिसा हाशिमोतो यांनी ही युक्ती १९८६ साली 'ग्रॅडियस' या खेळाच्या घरगुती आवृत्तीत घातली होती; खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. जपानातील एका गृहस्थाची ही अडचण अमरावतीच्या गल्लीत कोणत्याही छापील कागदाविना पोचली. मौखिक परंपरेवर व्याख्याने देणाऱ्या माझ्या डोळ्यांसमोर ती घडत होती आणि मी 'आवाज कमी करा' एवढेच म्हणत होतो.

१९९९ साली मुलगा नववीतून दहावीत गेला. मे महिन्यात तो आजोळी असताना मी ते खोके कॅसेटसकट भंगारवाल्याला देऊन टाकले. तीस रुपये आले. तो परतल्यावर कपाटाकडे पाहून काही बोलला नाही. मीही बोललो नाही. अभ्यासाच्या हितासाठी बापाने एवढे करायचेच असते, अशी माझी खात्री होती.

गेल्या वर्षी पुन्हा दिल्लीस येणे झाले, तेव्हा मुलगा बरोबर होता. तो आता चाळिशीच्या घरात आहे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, माझे काही मित्र जवळच जमणार आहेत. कंटाळा येणार नसेल तर चला." मेन बाजारातून आत, एका अरुंद गल्लीत, जुने दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराच्या दुकानात त्याने मला नेले. नागपूरचा एक अभियंता, लखनौचा एक हिशेबनीस, दिल्लीतील एक शिक्षिका आणि माझा मुलगा, अशी चौघांची मंडळी तेथे जमली होती. मध्ये एका फडक्यावर पंधरा-वीस कॅसेटी मांडल्या होत्या. कोणी त्यांची टोके स्पिरिटने पुसत होते, कोणी भिंग लावून चिपेवरील अंक वाचत होते.

मला प्रथम हसू आले. पण पुढील अर्ध्या तासात ते ओसरले. एका छोट्या यंत्रात कॅसेट बसवून ते तिच्यातील मजकूर अक्षरशः उतरवून घेत होते. तोच खेळ असलेली दुसरी कॅसेट मिळाली की तिचाही मजकूर उतरवायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. जुळले तर पाठ निश्चित. न जुळले तर हा चिपेचा दोष, की नक्कल करणाऱ्याने बुद्ध्या केलेला बदल, याचा विचार करायचा. काही चिपांतील लेखन वर्षे उलटली की आपोआप पुसट होते. वाळवी लागत नाही, पण अक्षर जाते. म्हणून घाई. नागपूरकर मला म्हणाला, "काका, या दोन कॅसेटींवरचे चित्र एकच आहे, पण आतला खेळ वेगळा. एकीत टाकी पाण्यावरून जाते." मी नकळत विचारले, "जुनी कोणती?" तो प्रश्न मी आयुष्यभर पोथ्यांना विचारला आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेथून आपल्याकडील पाठचिकित्सेची परंपरा सांगण्याची रीत आहे. त्या चिकित्सेचे लक्ष मूळ पाठावर असते. नंतरचे सारे प्रक्षिप्त म्हणून बाजूला निघते. पण पहाडगंजातील या मंडळींना प्रक्षिप्ताचेच प्रेम होते. मूळ जपानी खेळ जतन करणारे जगात पुष्कळ आहेत, असे शिक्षिकाबाईंचे म्हणणे. आपल्या घरात जी नक्कल आली ती आपण जपली नाही तर कोणी जपणार? मूळ ग्रंथ ज्यांनी कधी पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी नक्कल हीच संहिता असते. 'बॅटल सिटी' हा १९८५ सालचा खेळ आपल्या मुलांना 'टँक १९९०' या नावाच्या फेरफार केलेल्या प्रतीतून भेटला. त्यांचे बालपण त्या प्रतीत आहे.

एक गोष्ट मला विशेष वाटली. या नकलांच्या मुखपृष्ठावरून मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष खरवडून काढलेले असे. आपल्या परंपरेत याच्या उलट घडले. कोणा अनामिकाने अभंग रचावा आणि शेवटी तुकोबांची नाममुद्रा घालावी. आपले नाव बुडवून थोरांचे लावावे. येथे नक्कल करणाऱ्याने थोरांचे नाव पुसले आणि आपलेही लावले नाही. मुळातही त्या काळी अनेक जपानी कंपन्या आपल्या रचनाकारांची खरी नावे खेळात देऊ देत नसत. ते टोपणनावांनी उल्लेखिले जात. अमेरिकेत अटारी कंपनीच्या 'ॲडव्हेंचर' या १९८० सालच्या खेळात वॉरन रॉबिनेट यांनी एक गुप्त खोली रचून तीत आपले नाव लपवले, कारण कंपनी ते देत नव्हती. कर्त्याला आपल्या कृतीच्या कोपऱ्यात उभे राहावेसे वाटते, ही गोष्ट ओवीइतकीच जुनी आहे.

या खेळांत कला असते का, असे कोणी विचारील. मी त्या संध्याकाळी ऐकले की १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटांचा आहे. एका बाइटास एक अक्षर धरले तर माझ्या प्रबंधाची वीसेक टंकलिखित पाने. तेवढ्यात आकाश, पाणी, भुयारे, संगीत, सारे. त्यातील ढग आणि झुडूप ही एकच आकृती. पांढरी रंगवली की ढग, हिरवी केली की झुडूप. अल्पाक्षरत्वाचे कौतुक आम्ही सूत्रग्रंथांपुरते राखून ठेवले होते. आणि रसिक म्हणावे तर असे : डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने 'टेट्रिस'ची १९८९ सालची घरगुती आवृत्ती इतकी दूरवर खेळली की शेवटी खेळच गोठला. ग्रंथाच्या शेवटच्या पानाच्याही पलीकडे, जेथे कर्त्याचा शब्द संपतो तेथवर जाणारा वाचक आमच्या वाट्याला कधी येतो?

तरीही सारेच तोलामोलाचे, असे मी म्हणणार नाही. त्या कोटीभर खेळांत कंटाळवाणे पुष्कळ होते. माझी चूक निराळी होती. मूल्यमापन हे जतनाच्या नंतरचे काम आहे; मी ते आधी केले. जे पुढे महत्त्वाचे ठरेल ते आज कोणासच ओळखता येत नाही, हे पोथ्यांबाबत मी वर्गात सांगत असे. पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशित ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांत जावी लागते. खेळांना असा आश्रय नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तेथील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ मधील पाहणीत आढळले. तेथे निदान मोजणारे आहेत.

दरम्यान कारागिराने कोपऱ्यातील जाड काचेचा जुना संच सुरू केला. बंदुकीचा खेळ सपाट पडद्यावर चालत नाही, हे मला तेथेच कळले. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील डोळा तो प्रकाश टिपतो. हा क्षणाचा हिशेब जुन्याच काचेवर जमतो. पोथी जपायची तर ती वाचणारा दिवाही जपावा लागतो. "बाबूजी, लोग इसे कबाड़ में फेंक गए थे," असे म्हणून त्या वृद्धाने बंदूक माझ्या हाती दिली. माझे नेम चुकले. गवतातून कुत्रा वर आला आणि नेहमीप्रमाणे हसला.

उठण्यापूर्वी लखनौच्या गृहस्थांनी एक यादी काढली. न सापडलेल्या प्रतींची. तिच्यात एक ओळ होती : पिवळी कॅसेट, समुद्रकिनारा, पाचव्या पानावर यादीचा क्रम बदललेला, एकाच माणसाने पाहिलेली. तो माणूस कोण, हे मी विचारले नाही. मुलगा हातपट्टीची तार गुंडाळीत होता. पंचवीस वर्षांत त्याने मला एकदाही दोष दिला नव्हता, आणि त्या क्षणी तो दिला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

रात्री खोलीवर आल्यावर मी म्हणालो, "ती कॅसेट मी विकली." तो म्हणाला, "ठाऊक आहे." मग बराच वेळ खालच्या रस्त्यावरचे भोंगे तेवढे ऐकू येत राहिले.

लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली, तेव्हा महानुभावांनी आठवणीतून ते पुन्हा उभे केले. हिराइसेचा पाठ त्याच वाटेने आपल्यापर्यंत आला. तुलना मोठी आहे, कोणी हसेलही. पण मला दुसरे काही येत नाही. मी वही उघडली, मोकळ्या पानावर आकडे घातले आणि म्हणालो, "सांग." तो पलंगावर बसून आठवून सांगू लागला : पहिला काँट्रा, दुसरा मारिओ, तिसरा मोटारींचा. मी उतरवीत गेलो. पाचव्या पानावर तो थांबला. "एकोणपन्नासावा विमानांचा होता," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "विमानांचा पन्नासावा. एकोणपन्नासावा तो सर्कशीचा, सिंहावर बसून कड्यांतून उडी मारण्याचा. त्यात तू नेहमी तिसऱ्या कड्यापाशी पडत असस."

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही तर मुद्रिते तपासत असायचात."

दोन्ही पाठ मी वहीत नोंदले आहेत. निर्णय राखून ठेवला आहे.